जिपारच्या वर्गात कुणी उपाशी बसत नाही

राग आला की मी भांडी घासते. आज भांडी संपली तरी राग उरला, म्हणून लिहायला बसले आहे. माझी शाळा चार इयत्तांची, पुढचं सगळं गायींनी शिकवलं. अक्षर वाकडं येईल, पण सांगायचं ते सरळ सांगेन.

जिपार आमच्या शाळेत इंग्रजी शिकवते. 'शिकवते' म्हणायचं की 'शिकवायची' म्हणायचं, त्याचाच माझा राग आहे.

ती या गावात सून म्हणून आली तेव्हा पांढऱ्या रुमालाखाली तिचं तोंडसुद्धा धड दिसत नव्हतं. तिची सासू माझी शेजारीण. कुंपणावरून मला म्हणाली, "सोनुन, सुनेला इंग्रजी येतं म्हणे."

मी विचारलं, "आणि कणीक मळता येते?"

"कणीक नाही येत."

दोघी पोट धरधरून हसलो. त्या काळी इंग्रजीचं आम्हाला काय होतं? बाजारात रशियन चालायची आणि मेंढ्यांना किर्गिझ कळायचं. ही पोरगी शहरात शिकायला गेली तेव्हा जर्मन भाषेच्या जागा भरल्या होत्या, म्हणून हिला इंग्रजीत ढकललं. तिनं मागितलं नव्हतं. पण हातात आलेलं काम अर्ध्यावर टाकणारी ती बाई नव्हे. कणीकही शिकली. आता तिच्यासारखे कणकेचे बोरसोक गावात कुणी तळत नाही, माझी सून धरून. हे सुनेला माहीत आहे.

नवरा रशियात बांधकामावर गेला आणि तिथंच दुसरं घर करून बसला. सासू अर्धांगानं अंथरुणाला खिळली. जिपार पहाटे तिला उचलून बसवायची, पाजायची, पुसायची आणि घंटा व्हायच्या आत पाटावरची फळी ओलांडून शाळेत हजर व्हायची. माझं घर शाळेला लागून. मधे तो पाण्याचा पाट आणि पोप्लरची चार झाडं. त्यामुळे तिचं धावणं मी रोज बघितलं. सासू गेली तेव्हा लोक म्हणाले, आता ही माहेरी जाणार. ती गेली नाही. मी विचारलं तर, थोरल्या बाईला आमच्यात अपा म्हणतात तसं, म्हणाली, "अपा, सातवीचं 'हॅव' आणि 'हॅज' राहिलंय." मला वाटलं, कुणाचं तरी देणं राहिलं असेल.

मग मला कळलं ते काय असतं. इंग्रजीत म्हणे काही बारके बारके शब्द असतात. 'अ‍ॅम', 'इज', 'आर', 'डू', 'डज' असे. एकेकट्याला विचारलं की बाबा तुझा अर्थ काय, तर सांगता येत नाही. पण तो नसला तर आख्खं वाक्य बसकण मारतं. आमची पोरं नेमके तेच गिळायची. 'मी जात', 'ती खात', 'ते कुठं राहत' असं बोलायची. जिपार फळ्यावर लिहून लिहून थकली. पोरं फळ्यावरून वहीत उतरवायची आणि वही मिटली की विसरायची.

एकदा ती माझ्याकडे अशीच रुसून बसली होती. बाहेर पाहुणे होते, आत मी कढईतून मांस काढत होते. आमच्याकडे मेंढी कापली की हाडांची वाटणी असते, तिला उस्तुकान म्हणतात. कमरेचं हाड सगळ्यांत थोराला. शेपटीजवळचं म्हाताऱ्या बाईला. छातीचं सुनेला, जावयाला. खांद्याचं चपटं हाड कुणी एकट्यानं खायचं नाही, वाटून खायचं. पुढच्या पायाचं घरच्या पोरांना. पाहुण्याच्या पुढ्यात भलतं हाड गेलं तर तो तोंडानं काही बोलत नाही, पण पुढची दहा वर्षं तुमच्या घरावरून जाताना घोडा हळू करत नाही.

जिपार माझ्या हातांकडे बघत होती. म्हणाली, "अपा, तुम्ही कधी चुकता का हो?"

"चुकले तर माझ्याकडे जेवायला कोण येईल?"

"आणि एखाद्याच्या ताटात हाडच ठेवलं नाही तर?"

"तोबा! अगं, तो उपाशी बसला असं होईल. त्यापेक्षा त्याला दारातून हाकलून दिलेलं बरं."

ती ताडकन उठली. माझ्या मानेला मिठी मारली, माझ्या हातातला झारा पडला. म्हणाली, "पाहुणे गेले की हाडं फेकू नका."

दुसऱ्या दिवशी ती हाडं तिनं उकळली, वाळूनं घासली, उन्हात वाळवली. पांढरी शुभ्र झाली. आणि वर्गात चटई टाकून जेवण मांडलं. एक पोरगं 'मी' झालं, एक 'ती', एक 'तो', बाकीचे 'आम्ही', 'तुम्ही', 'ते'. 'मी'ला घोट्याचं छोटं हाड, तेच 'अ‍ॅम'. दुसऱ्या कुणाला ते चालत नाही. 'तो', 'ती' आणि कुत्रं-मांजर-पाऊस सगळ्यांना खांद्याचं चपटं हाड, ते 'इज', वाटून घ्यायचं. बाकीच्यांना बरगड्या, ते 'आर', कारण बरगडी कधी एकटी नसते. 'काल' बोलायचं असलं की चुलीची काजळी लावलेली हाडं. प्रश्न विचारायचा असला की आधी हाड मांडायचं, मग पाहुण्याला बसवायचं. आणि 'कॅन', 'विल', 'मस्ट' म्हणजे रस्सा, तो सगळ्यांना सारखा, त्यात थोरला-धाकटा नाही.

मी खिडकीतून बघायची. एखाद्या पोरानं बारका शब्द गिळला की सगळा वर्ग बाईंकडे, म्हणजे एजेकडे, बोंब मारायचा, "उपाशी! एजे, 'ती' उपाशी बसली!" की लाजून ते पोरगं धावत जाऊन हाड ठेवायचं. आमच्या गावातली पोरं, बापाच्या ताटातलं हाड डोळे मिटून ओळखणारी. ती यात चुकतील कशी? महिनाभरात माझ्या अंगणातली कोंबडीसुद्धा चुकली नसती.

मीही थोडं शिकले. एक गोष्ट मला पटली नाही. त्या इंग्रजांच्या 'मी'ला एकट्यासाठी वेगळं हाड! केवढा तो मान. आणि म्हातारा असो, पोर असो, समोरच्याला एकच 'यू'. मी जिपारला म्हटलं, "म्हणजे मला आणि तुझ्या सातवीच्या कार्ट्याला एकाच तोंडानं हाक मारतात?"

"हो अपा."

"मग त्यांच्याकडे म्हाताऱ्या बायका करतात तरी काय?"

तर असं वर्षानुवर्षं चाललं. या गावातल्या पोरी शहरात जाऊन इंग्रजीवर कामाला लागल्या. कुणी डोंगर चढायला येणाऱ्या परदेशी लोकांना वाट दाखवतं. कुणी दवाखान्यात आहे. सुट्टीत घरी आल्या की आधी जिपारकडे जातात, मग आईकडे. आया थोड्या चिडतात.

आणि या शरद ऋतूत, मेंढ्या वरच्या कुरणांतून खाली आल्या त्याच आठवड्यात, जिल्ह्याच्या कचेरीतून मेडेर नावाचा माणूस आला. पस्तिशीचा असेल. पातळ तळव्यांचे बूट घालून आला होता. डोंगरात असे बूट घालून येणाऱ्या माणसाला घाईनं परत जायचं असतं. शिक्षकांची तपासणी होती. ज्याला तो ठीक म्हणेल त्याला वर्ग मिळणार, नाही म्हणेल त्याचा वर्ग काढून पडद्यावरच्या शिकवणीला देणार. शहरातून कुणीतरी बोलणार आणि इकडची पोरं बघणार.

जिपारच्या वर्गात तो शिरला तेव्हा जेवण मांडलेलं होतं. पोरांनी नेहमीपेक्षा जास्त हाडं घासून आणली होती, पाहुणा येणार म्हणून. त्यानं रुमाल काढून नाकाला लावला.

"हा इंग्रजीचा वर्ग आहे की खाटिकखाना?"

जिपार म्हणाली, "साहेब, दोन मिनिटं ऐका. मुलं बोलून दाखवतील."

"मुलं काय बोलणार ते दिसतंय. बाई, जग कुठं गेलं आणि तुम्ही हाडं मांडून बसलाय. कुणी बाहेरचा बघेल तर आपल्याला रानटी म्हणेल."

पोरं बोलायला उभी राहिली होती. त्यानं हात करून बसवलं. एकाही पोराचं एकही वाक्य ऐकलं नाही. मग त्यानं चटई चारी टोकांनी उचलली, दारापर्यंत नेली आणि अंगणात झटकली. शाळेचा कुत्रा धावत आला.

हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. हातात दुधाची बादली होती, ती तशीच खाली ठेवली. जिपार दारात उभी होती. पोरांतली एक रडत होती. मेडेर हात पुसत होता, जणू काही फार मोठं काम केलं.

दुपारी आमचे मुख्याध्यापक ओरोजबेक माझ्या दारात आले. भला माणूस, पण वारा येईल तिकडे वाकणारा.

"अपा, साहेबांचं जेवण तुमच्याकडे ठेवू या. शाळेजवळ मोठी खोली तुमचीच."

"माझ्याकडे? तो? त्याला गोठ्यात बसवते, ये घेऊन."

"अपा, ऐका ना. त्यांनी अजून कागदावर सही केलेली नाही. उद्या सकाळी करणार. पोट भरलं, मान मिळाला, तर मन बदलेल. जिपारचा वर्ग वाचेल." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि अपा... त्यांना कमरेचं हाड द्या."

"तुर्दुमात अता पंगतीत असणार, विसरलास?" तुर्दुमात अता म्हणजे आमच्या शाळेचा जुना राखणदार, गावातला सगळ्यांत वयस्कर माणूस, म्हणून 'अता'. तो असताना ते हाड दुसऱ्या कुणाच्या ताटात गेलेलं या गावानं पाहिलेलं नाही.

"अतांना मी समजावतो. एका दिवसाचा प्रश्न आहे."

मेंढी कापून घेतली. कढई चढवली. राग असा होता की रश्शात मीठ घालायचं भान राहिलं नाही, सुनेनं दोनदा घातलं आणि मग त्यावरून तिची-माझी जुंपली. पण मांस शिजेपर्यंत मी मनाशी ठरवलं होतं. देऊन टाकू. एका हाडानं जिपारचा वर्ग वाचत असेल तर त्या मेल्याला कमरेचं हाड देऊ, शेपटीचंही देऊ, मुंडकंही त्याच्या मांडीवर ठेवू. तुर्दुमात अताची माफी मी मागेन.

जिपार स्वयंपाकघरात आली, बाह्या वर करून नूडल्स कापायला बसली. मी ताट लावायला घेतलं आणि कमरेचं हाड पहिल्या ताटात, दाराच्या समोरच्या मानाच्या जागेसाठी ठेवलं. तिनं सुरी थांबवली.

"अपा, हे कुणाचं?"

"तुला काय करायचंय? काप तू."

"त्यांचं?"

"मग काय करू? तुझा वर्ग जातोय!"

"उचला ते."

"जिपार, पोरी, हट्ट करायची ही वेळ नाही. आतले सगळे तुझ्यासाठी बसलेत."

"उचला, अपा." तिचा आवाज चढला. इतक्या वर्षांत मी तिचा चढलेला आवाज पहिल्यांदा ऐकला. "मी रोज पोरांना सांगते की ज्याचं हाड त्यालाच. साहेब आला म्हणून 'तो'ला 'मी'चं हाड चालेल, असं उद्या शिकवू का? पोरं या गावातलीच आहेत, रात्रीपर्यंत घरोघरी कळेल तुम्ही कुणाला काय वाढलंत. वर्ग राहिला तरी मग मी त्यात उभी राहून काय बोलू?"

"आणि वर्ग गेला तर?"

ती नूडल्स कापायला लागली. इतक्या बारीक कापल्या की दोऱ्यासारख्या झाल्या.

मी हाड उचललं. म्हातारं झालं की बाईला पुरुषांच्या पंगतीत जायला कुणी अडवत नाही, हा एक फायदा. माझी ताटं मीच वाटते. तुर्दुमात अतापुढं कमरेचं ठेवलं. ओरोजबेकपुढं त्याच्या वयाचं. मेडेरपुढं मांडीचं हाड, मधल्या वयाच्या पाहुण्याला जे मिळतं तेच, मांसानं भरलेलं. त्यात कणभर अपमान नव्हता. माझी बोटं साक्ष आहेत.

त्या माणसाला आयुष्यभरात एकच हाड ओळखता येत होतं: जे त्याला मिळालं नव्हतं ते.

"अपा, ताटं बदलली वाटतं," तो हसून म्हणाला.

"नाही बाळा. मी ताटं बदलत नाही."

ओरोजबेक घशात काहीतरी अडकल्यासारखे खोकले.

"म्हणजे, मी कचेरीकडून आलोय," मेडेर म्हणाला.

"असेल. पण कचेरीचं हाड आमच्या मेंढीत नसतं."

तुर्दुमात अताला कमी ऐकू येतं. त्यानं विचारलं, "काय म्हणतोय हा पोरगा?"

"हाड मागतोय, अता," मी मोठ्यानं सांगितलं.

म्हातारा कनवाळू. त्यानं सुरी काढली, आपल्या हाडावरचा चांगला मोठा तुकडा कापला आणि तळहातावर ठेवून मेडेरपुढं धरला. "घे बाळा, घे. भूक लागली असेल. वाटेनं दमला असशील."

आता थोराच्या हातचा तुकडा नाकारता येत नाही. घ्यावाच लागतो, तोही लहान पोरासारखा, दोन्ही हात पुढं करून. मेडेरनं घेतला. कानापर्यंत लाल झाला होता. तो खात असताना अता शांतपणे म्हणाला, "आणि सकाळची तुझी हाडं मी गोळा केली आहेत. कुत्र्यानं एकही चावलं नाही. पोरांनी इतकी घासली होती की त्यांना वासच राहिला नव्हता."

पंगतीत कुणी मान वर केली नाही. रस्सा ओरपण्याचा तेवढा आवाज येत होता. शेवटी जेवणानंतरची दुआ, हात तोंडावरून फिरवून 'ओमीन' झालं, आणि मेडेर सगळ्यांत आधी उठला.

सकाळी त्यानं सही केली. ओरोजबेकनं वाचून दाखवलं: पद्धत अस्वच्छ, जुनाट, आणि शिक्षिकेचं वागणं उर्मट. उर्मट! जी 'दोन मिनिटं ऐका' याखेरीज एक शब्द बोलली नाही, ती! उर्मट मी होते. माझं नाव लिहायचं होतं, मी खाली अंगठा दिला असता, चार इयत्ता शिकले असले तरी. बेअक्कल मेला. पोरांचं एक वाक्य ऐकायला याच्याकडे वेळ नव्हता आणि हाडासाठी मात्र होता.

वर्गात पडदा आला. शहरातली एक गोड पोरगी त्यात बोलते. तिचा दोष नाही, तिला कुणी सांगितलं असेल की पलीकडे पोरं आहेत. पण आमच्याकडे वारा सुटला की वीज जाते, मग ती तोंड उघडं ठेवून थांबते. पोरंही तोंड उघडं ठेवून थांबतात. वीज आली की ती पुढच्या धड्यावर असते. मी खिडकीतून ऐकते. पोरं पुन्हा 'मी जात', 'ती खात' करायला लागली. आणि 'उपाशी' म्हणून ओरडायला कुणी नाही.

जिपार घरी बसली होती. घरी म्हणजे माझ्याकडे. लोकरीचा जाड नमदा लाटत होती, लोकर इतक्या जोरानं मळत होती की मी म्हटलं, "ती मेडेर नाही गं, लोकर आहे."

"माहीत आहे अपा. म्हणूनच लाटतेय."

पहिलं बर्फ पडायच्या सुमारास ओरोजबेक आले. हातात खडीसाखरेची पुडी. बसले, चहा घेतला, हवापाणी बोलले. मग म्हणाले, "जिपार, कचेरीनं परवानगी दिलीय. पडद्याच्या बाजूला एक मदतनीस ठेवता येईल. शिकवायचं नाही. नुसतं... पोरांना समजलं नाही तर सांगायचं."

मला आगच लागली. "मदतनीस? ज्या बाईनं या गावाला बोलायला शिकवलं ती आता त्या खोक्याची मदतनीस? ऊठ ओरोजबेक! तुझी साखर घे आणि ऊठ!"

"अपा, मी काय करू, माझ्या हातात..."

"तुझ्या हातात साखर आहे तेवढी घे!"

जिपार लोकरीवरून उठली नाही. विचारलं, "सातवी कुठवर आली?"

ओरोजबेक खाली बघून म्हणाले, "सातवी 'अ‍ॅम'सुद्धा विसरली."

"जाऊ नकोस," मी तिला म्हटलं. "गेलीस तर त्या मेल्याचं खरं ठरेल. पडदा मालकीण आणि तू चाकर. त्यांना बसू दे तसंच, कळू दे एकदाचं."

"कुणाला कळेल अपा? मेडेर तर इथं नाही. इथं पोरंच आहेत, आणि ती उपाशी बसलीत."

मग ती ओरोजबेककडे वळली. "येते मी. पण पडदा लावायच्या आधी चटई टाकायची. हाडं मांडायची. पुन्हा कचेरीतून कुणी आलं तर चटईला हात लावायच्या आधी तुम्ही त्याच्या आणि चटईच्या मधे उभं राहायचं. तुम्ही. मी नाही, अपा नाही."

ओरोजबेकनं खडीसाखरेची पुडी तिच्यापुढं सरकवली. मग म्हणाले, "राहीन."

राहील की नाही, मला माहीत नाही. वाकणारा माणूस एकदम ताठ होत नाही. पण आता मी खिडकीत बसते तेव्हा बघते, त्यानं आपली खुर्ची मुख्याध्यापकाच्या खोलीतून उचलून जिपारच्या वर्गाच्या दाराशी आणून ठेवली आहे. तिथंच बसून सगळी कागदं करतो. थंडीनं नाक लाल होतं त्याचं. होऊ दे.

माझा राग अजून गेलेला नाही. जिपार मदतनीस आहे, पगार मदतनीसाचा आहे, आणि तो मेडेर त्याच पातळ बुटांनी दुसऱ्या कुठल्या तरी गावात चटई झटकत असेल. पुन्हा माझ्या दारात आला तर मांडीचंच हाड वाढीन, एक तसूभर वर नाही, खाली नाही.

आता उठते. तुर्दुमात अतानं नव्या मेंढीची हाडं आणून दिली आहेत, उकळायची आहेत. सहावीत दोन पोरं नवीन आली आहेत, आणि त्यांच्यासाठी बरगड्या कमी पडतात म्हणून जिपार सकाळपासून दोनदा सांगून गेली.